दोनशेला आठ कमी

मंगळवारी सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी, कारा-तोर नदीच्या पुलाखाली टांगलेलं पाणी मोजायचं यंत्र पंच्याऐंशी मीटर तारेने तिनायच्या घरातल्या संगणकाला जोडलं गेलं. हिरवा दिवा लागला. पडद्यावर पातळी उमटली, एकशे शहात्तर सेंटिमीटर. तिनायने बाहेर जाऊन पुलाच्या खांबावरची पट्टी डोळ्यांनी वाचली, तर तीही एकशे शहात्तरच. काम फत्ते.

आता हे झालंच नाही असं समजून पुढे चला. तिनायनेही तेच केलं. आत येऊन त्याने पडदा बंद केला, त्यावर आईने भरतकाम केलेला टॉवेल टाकला, रेडिओचं बटण दाबलं आणि सरळ आवाजात सांगितलं, "पोस्ट सतरा बोलतोय. दिवा लागत नाही."

"बरं," पलीकडून, जिल्हा जलमापन कचेरीतून, साल्किन म्हणाली. "तार काढून परत घाला. अर्ध्या तासाने सांगा."

अर्ध्या तासाने. तिनायने घड्याळाकडे असं पाहिलं, जसं लोक पगाराकडे पाहतात.

त्याचं कारण असं की गेली नऊ वर्षं त्या दोघांचं बोलणं दिवसातून दोनदाच व्हायचं, सकाळी आठ आणि संध्याकाळी आठ. तो पट्टी वाचायचा, रेडिओवर आकडा सांगायचा. नियम चार असा की ऐकणाऱ्याने आकडा परत म्हणून दाखवायचा आणि "मिळाले" म्हणायचं. त्याशिवाय नोंद पक्की नाही. तो म्हणायचा, "एकशे बारा." ती म्हणायची, "एकशे बारा. मिळाले." अशी साडेसहा हजार बोलणी झाली होती. प्रत्यक्ष भेट एकदाच, चार वर्षांपूर्वी, कचेरीच्या अंगणात रेडिओच्या बॅटऱ्या वाटत होते तेव्हा. तिने कागद पुढे केला होता आणि म्हणाली होती, "सही इथे." त्याने सही भलत्याच ओळीवर केली. बहुतेक अजूनही बॅटऱ्या दुसऱ्याच कुणाच्या तरी नावावर आहेत.

एवढ्यावर माणूस कसा काय प्रेमात पडतो, हे विचारायला त्याच्या आईला नऊ वर्षं मिळाली होती, आणि तिने एकही वर्ष फुकट घालवलं नव्हतं.

पण खरं कारण जून महिना होता.

साल्किन विधवा. लग्नानंतर दोनच वर्षांनी नवरा ट्रकसकट दरीत गेला. ती सासूजवळ राहिली. तिच्या सासऱ्याचं नाव टोकसोनबाय. त्याचा जन्म झाला तेव्हा त्याचे आजोबा नव्वद वर्षांचे होते, म्हणून आमच्याकडच्या रीतीने पोराचं नाव 'नव्वद' ठेवलं. सासरा केव्हाच गेला, पण सुनेने सासरच्या थोरांचं नाव तोंडाने घ्यायचं नाही, आणि मेल्याने माणूस लहान होत नाही. त्यामुळे साल्किनला 'टोकसोन' हा शब्द उच्चारता येत नव्हता. आमच्या भाषेत एक्याण्णव म्हणजे टोकसोन-एक, ब्याण्णव म्हणजे टोकसोन-दोन, असं थेट नव्याण्णवपर्यंत. म्हणजे दर शंभरातले दहा आकडे तिला बंद.

वर्षभर काही बिघडायचं नाही, कारण कारा-तोर शंभरच्या खाली उतरत नसे. जूनमध्ये वरचं बर्फ वितळलं की कारा-तोर फुगायची, एकशे नव्वदच्या वर जायची आणि दोन-तीन आठवडे तिथेच रेंगाळायची. मग तिनाय सांगायचा, "एकशे टोकसोन-चार," आणि साल्किन नियम चार पाळायची: "दोनशेला सहा कमी. मिळाले." एका वर्षी राजधानीतल्या नव्या कारकुनाने वजाबाकी दोनदा केली आणि कारा-तोर कागदावर सहा सेंटिमीटर आटली. साल्किनला समज देणारं पत्र आलं. तिने त्याखाली सही केली आणि दुसऱ्या दिवशी म्हणाली, "दोनशेला पाच कमी. मिळाले."

हे जास्तीचे शब्द ती दुसऱ्या कुणासाठी म्हणायची नाही, कारण बाकीच्या पोस्टांवरचं पाणी नव्वदपर्यंतही चढायचं नाही. बाकी लोक जूनमध्ये मेंढ्या वरच्या कुरणात नेतात. तिनाय जूनमध्ये दाढी करायचा.

एकेक करून बाकीच्या सोळा पोस्टांवर यंत्रं आली आणि तिथली माणसं रेडिओवरून उठली. शेवटी सतरावी उरली. शहरातून इंजिनिअर आला, त्याने पुलाखाली यंत्र टांगलं, तार घरापर्यंत ओढली, गच्चीवर तबकडी बसवली आणि मावसभावाच्या लग्नाला एका दिवसासाठी म्हणून गेला. लग्नाने त्याला परत दिलं नाही. जोडणीचा कागद कचेरीतच राहिला होता. दरीत फोन लागत नाही. तेव्हा सोमवारी कचेरीने ठरवलं की कागद साल्किनने रेडिओवर वाचावा आणि तिनायने तसं करत जावं.

"तिनाय, लिहून घ्या," मंगळवारी सकाळी साल्किन म्हणाली. आकड्यांखेरीज पहिल्यांदाच तिने त्याचं नाव घेतलं होतं. तिनायच्या हातातून पेन्सिल पडली. "यंत्राला पत्ता असतो आणि संगणकालाही. दोघं एकाच घराण्यातले नसतील तर एकमेकांशी बोलत नाहीत."

"आमच्या गावासारखंच."

"हो. आता चार चौकोन दिसतात का?"

"दिसतात."

"पहिल्यात घाला..." ती थांबली. कागदाचा आवाज आला. "अरे देवा."

"काय झालं?"

"दोनशेला आठ कमी."

तिनायने चौकोनात दोनशे लिहिलं, मग उणे आठ लिहायला गेला. चौकोनाने नकार दिला. मग त्याच्या लक्षात आलं. त्याने एकशे ब्याण्णव लिहिलं आणि गालातल्या गालात हसला.

"पुढे?"

"एकशे अडुसष्ट. मग शून्य. मग दहा. हा तुमच्या संगणकाचा. आता यंत्राचा पत्ता. पहिला तोच..."

"दोनशेला आठ कमी," तिनाय म्हणाला.

"तुम्हाला म्हणायला काय हरकत आहे? तुमचा कुठे सासरा आहे तो."

"सवय लागली."

ती हसली. नऊ वर्षांत पहिल्यांदा. ते हसू नियमात बसत नसल्यामुळे तिनायला परत म्हणून दाखवता आलं नाही.

"शेवटचा आकडा," ती म्हणाली, "शंभराला दहा कमी. कारखान्यात कोण बसलंय कोण जाणे."

एवढ्यात खरखर झाली आणि तिसरा आवाज आला. "तुमच्या सासऱ्याचं नाव चांगलंच पसरलंय हो, बाई. संगणकातसुद्धा." हे पोस्ट नऊचे म्हातारे मुकाश; वडीलधारे म्हणून सगळे त्यांना अक्सकाल म्हणत. त्यांच्याकडे गेल्या शरदातच यंत्र बसलं होतं, काम संपलं होतं, पण रेडिओ त्यांनी परत केला नव्हता. सबंध दरीची एकच लाइन. कुणी काही बोललं की मुकाश तिथे असायचेच.

"अक्सकाल, तुम्ही चहा घ्या," साल्किन म्हणाली.

"घेतोच आहे."

मग तिने सांगितलं की तारेचं टोक खाचेत टक् आवाज येईपर्यंत सारायचं, दिवा हिरवा होतो का बघायचं, आणि संगणकाला यंत्राला हाक मारायला सांगायचं. कागदावर आज्ञा होती. संगणक चार वेळा हाक मारतो; तार नीट असेल तर यंत्र चार वेळा ओ देतं.

तिनायने टोक सारलं. टक् झालं. दिवा हिरवा झाला. चार हाका, चार ओ. एकही हाक वाया गेली नाही. अकरा चाळीस.

आणि तेव्हा त्याच्या डोक्यात आलं की आता 'मिळाले' म्हणणारं कुणी नसेल. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे: पडदा, टॉवेल, दिवा लागत नाही.

बुधवारी सात वेळा बोलणं झालं. गुरुवारी नऊ. शुक्रवारी अकरा.

"दिवा कुठल्या रंगाचा आहे?"

"कुठला हवा?"

"हिरवा."

"मग तो नाही."

"तार काढून परत घाला."

तो खरंच उठायचा, टेबलाखाली वाकायचा, तार काढायचा, मोजून वीस श्वास थांबायचा आणि परत घालायचा. यात खोटेपणा नको, असं त्याचं मत होतं. फक्त दिव्याबद्दल खोटं, कष्ट खरे.

मधल्या वेळात त्याने तारेला दोष दिले. ती उंदराने खाल्ली. मग उंदराने खाल्ली नव्हती, याकने पाय दिला होता. मग याकने पाय दिलेली तार वेगळी निघाली, ती दोरी होती. साल्किनने प्रत्येक कारण शांतपणे लिहून घेतलं. "याक कुणाचा?" तिने विचारलं. तिनायने शेजाऱ्याचं नाव दिलं. "त्याचा याक गेल्या हिवाळ्यात मेला," मुकाश मध्येच म्हणाले. "मग त्याचा भाऊ असेल," तिनाय म्हणाला. "याकचा की शेजाऱ्याचा?" साल्किनने विचारलं. "नोंदीत लिहायचं आहे."

अपा, म्हणजे तिनायची आई, चुलीपाशी कणकेचे बोर्सोक तळत हे ऐकायची. शनिवारी ती टेबलाखाली वाकली.

"तिनाय, हा दिवा हिरवा आहे."

"तो दुसरा दिवा आहे."

"एकच आहे."

"अपा, तुला त्यातलं कळत नाही."

"मला यंत्रातलं कळत नाही. तुझ्यातलं कळतं." तिने पेटीतून रुमालाची पुरचुंडी काढली. आत चांदीची कानातली होती, तिच्या सासूची. आमच्याकडे मागणी घालायला गेलं की मुलीच्या कानात कानातलं घालतात; नऊ वर्षं ती पुरचुंडी दर जूनला बाहेर निघायची आणि जुलैला आत जायची. "उद्या मी जिल्ह्याला जाते. साल्किनच्या सासूला भेटते. भली बाई आहे, नाही म्हणणार नाही."

"आधी मी साल्किनला विचारतो. तिच्या मनात नसेल तर?"

"कधी विचारतोस?"

"दिवा लागला की."

अपाने टेबलाखाली पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं. "तुझे वडील बोलायला इतके घाबरले असते," ती म्हणाली, "तर आज मी निवांत बसले असते." आणि कढईकडे वळली.

रविवारी त्याने ठरवलं. दाढी केली. रेडिओला दाढी दिसत नाही, पण माणसाला धीर येतो. पाणी एकशे पंच्याऐंशी होतं.

"एकशे पंच्याऐंशी. मिळाले," साल्किन म्हणाली. मग नेहमीसारखी लगेच गेली नाही. "दिव्याचं काय?"

"नाही." त्याने बटण सोडलं, परत दाबलं. "साल्किन, एक विचारायचं होतं."

"विचारा."

लाइनीत नुसती खरखर होती. ती वाट बघत होती. वाट बघण्याचासुद्धा आवाज असतो, तिनायला तो नऊ वर्षांत ओळखू यायला लागला होता.

"विचार, बाळा," मुकाश म्हणाले. "मी बसलोय चहा घेऊन."

"तारेत आठ धागे आहेत," तिनाय म्हणाला. "नारिंगी धागा डावीकडे की उजवीकडे?"

"डावीकडे," साल्किन म्हणाली. "आधी पांढरा-नारिंगी, मग नारिंगी. आणखी काही?"

"नाही."

"नक्की?"

"पांढरा-नारिंगी, मग नारिंगी," त्याने परत म्हणून दाखवलं. "मिळाले."

सोमवारी त्याने सगळं बोलणं कागदावर लिहून काढलं, म्हणजे अडखळायला नको. पाच ओळी झाल्या. चौथ्या ओळीत कानातली होती. सोमवारी ते वाचायचं राहिलं, कारण मुकाशना सर्दी झाली होती आणि ते त्याबद्दल बोलत होते. मंगळवारी पाणी एकशे अठ्ठ्याऐंशी. बुधवारी सकाळी एकशे एकोणनव्वद. तिनायने हिशेब केला: संध्याकाळपर्यंत नव्वद ओलांडणार. आज ती म्हणेल, दोनशेला इतके कमी. त्या जास्तीच्या शब्दांमागून आपले शब्द सोडायचे, म्हणजे एकदम उघडे पडणार नाहीत. अपाला त्याने सांगितलं, "आज विचारतो." अपाने नवी ओढणी डोक्याला बांधली, जणू तिलाच विचारणार होते.

संध्याकाळी आठला ऊन अजून पलीकडच्या कड्यावर होतं. तिनाय पुलावर गेला, खाली वाकून पट्टी वाचली, घाई नको म्हणून दुसऱ्यांदा वाचली, आणि घरात येऊन कागद पुढे ठेवला.

"पोस्ट सतरा. एकशे टोकसोन-एक."

"एकशे टोकसोन-एक," साल्किन म्हणाली. "मिळाले."

तिनायला वाटलं, लाइनीवर दुसरीच कुणी बाई आहे. पण आवाज तिचाच होता. शब्द तिने सरळ उच्चारला होता, मध्ये न थांबता, कुणीही म्हणावा तसा.

अपाने हातातला झारा खाली ठेवला.

"तुम्ही नाव घेतलंत," तिनाय म्हणाला.

"हो. सकाळी सासूबाईंनी पांढरा रुमाल बांधला डोक्याला. म्हणाल्या, जा पोरी, या घरच्या नावांतून तू सुटलीस. रडल्या. मीही रडले. कोचकोर गावच्या जनावरांच्या डॉक्टरचं मागणं आलंय. बायको गेली, दोन मुलं आहेत. बरा माणूस आहे म्हणतात. आज दुपारपर्यंत उत्तर द्यायचं होतं, दिलं. गेल्या मंगळवारी निरोप आला."

"गेल्या मंगळवारी."

"त्या दिवशी तुमचाही दिवा लागला. अकरा चाळीसला."

तिनायने टॉवेलकडे पाहिलं. पडदा बंद केला की संगणक गप्प बसतो, अशी त्याची समजूत होती. संगणक गप्प बसला नव्हता. टॉवेलखालून आठ दिवस गच्चीवरच्या तबकडीतर्फे तो दर मिनिटाला जिल्ह्याला पाणी कळवत होता.

"म्हणजे तुम्हाला इथलं सगळं दिसत होतं?"

"पाण्याची रेघ दिसते. तुम्ही तार काढली की रेघ तुटते, घातली की परत येते. दर वेळी तुटायची. म्हटलं, माणूस दिव्याबद्दल खोटं बोलतो पण तार खरंच काढतो." तिचा आवाज नेहमीसारखाच होता, नोंद सांगताना असतो तसा. "मला बघायला आवडायचं ते."

"मग तुम्ही काढा-घाला का सांगत होता? लागलेला दिवा?"

"तुम्ही का लागत नाही म्हणत होता?"

याला उत्तर होतं. पाच ओळींचं, त्याच्यासमोर.

"मी मनाशी म्हटलं," साल्किन म्हणाली, "आठ दिवस आहेत. आठ दिवसांत माणूस काहीतरी बोलेल. रविवारी वाटलं, आता बोलणार. तुम्ही नारिंगी धाग्याचं विचारलंत."

तेवढ्यात खरखर झाली. "बाळा," मुकाश हळू म्हणाले, "मी बंद करतो हां." आणि टक् आवाज आला. तीस वर्षांत मुकाशनी रेडिओ स्वतःहून पहिल्यांदा बंद केला होता. आता लाइनीवर दोघंच होते. नऊ वर्षं तिनायला हेच हवं होतं.

त्याने कागद उचलला. पहिली ओळ होती, 'साल्किन, मला बरेच दिवस सांगायचं आहे की.' त्याने ती डोळ्यांनी वाचली. दुपार होऊन गेली होती. पांढरा रुमाल बांधून झाला होता. बटणावरचा अंगठा दुखायला लागला.

"तार आता राहू देऊ की काढू?" त्याने विचारलं.

"राहू द्या," ती म्हणाली. मग, "नव्या सासऱ्यांचं नाव अल्तिमिश आहे."

अल्तिमिश म्हणजे साठ, आणि अडुसष्ट म्हणजे अल्तिमिश-आठ.

"मग एकशे अडुसष्ट तुम्हाला आता..."

"नाही म्हणता येणार." ती हसली असेल किंवा नसेल, लाइनीवर नीट कळलं नाही. "आता कुणाला कशाला सांगायचाय तो. तुमचा संगणक शेवटचा होता. पोस्ट सतरा, उद्यापासून आवाजी नोंद बंद. आजची मिळाली."

नियमाप्रमाणे याला उत्तर नसतं. तिनायने तरी दिलं. "मिळाले," तो म्हणाला, पण तोवर पलीकडे कुणी नव्हतं.

अपाने पुरचुंडी पेटीत ठेवली. अजून जून होता. तिने नवी ओढणी सोडली, घडी घातली आणि त्याच्यापुढे बोर्सोकची थाळी ठेवली. टोमणा मारला नाही. तिनायला त्याचीच भीती वाटली.

त्याने टॉवेल काढला, पडदा लावला. रेघ सरळ चालली होती, एकशे एक्याण्णव, एकशे एक्याण्णव. मागे सरकवल्यावर आठ दिवसांतल्या सगळ्या तुटलेल्या जागा दिसल्या, वीस-वीस श्वासांच्या. त्याने त्या मोजल्या. मग पाच ओळींचा कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर, चांगल्या अक्षरात, लिहायला घेतलं:

'प्रति, मा. प्रमुख, जिल्हा जलमापन कचेरी. विषय: पोस्ट क्र. १७ येथील यंत्राबाबत. महोदय, सदर यंत्र व संगणक तारेने जोडले असून दिवा हिरवा आहे. संगणकाने चार वेळा हाक मारली असता यंत्र चारही वेळा ओ देते. आकडे बरोबर आहेत, तक्रार नाही. तथापि सांगितलेला आकडा पलीकडून परत म्हणून दाखवला जात नाही. नियम चारनुसार अशी नोंद पक्की धरता येत नाही, ही बाब आपल्या नजरेस आणून देत आहे. तरी विनंती की, रोज सकाळी आठ व संध्याकाळी आठ वाजता पोस्ट सतराचा आकडा एका जिवंत माणसाकडून ऐकून घेण्यात यावा व परत म्हणण्यात यावा. आणि एकशे नव्वद ते एकशे नव्याण्णव या पातळीसाठी, सासरी कुणाचेही नाव काहीही असले तरी, "दोनशेला इतके कमी" ही पूर्वीचीच पद्धत, पूर्वीच्याच कर्मचाऱ्याच्या आवाजात, दरवर्षी जून महिन्यापुरती चालू ठेवण्यात यावी.'